न वाजणाऱ्या फळ्या

लग्न होऊन मी सोलापूरला आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात माझी ठाम समजूत झाली की या घरात सगळ्यांची एकमेकांशी भांडणं आहेत. सकाळी उठल्याबरोबर आत्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पाणी तापलंय." ओट्यावरून मामा ओरडायचे, "काय?" मग आत्या त्याच्या दुप्पट आवाजात, "पाणी तापलंय, आंघुळीला उठा." तोवर समोरच्या घरातली बाई आपल्या नवऱ्याला हलवून सांगायची, "उठा, त्यांचं पाणी तापलं." हे भांडण नाही, हे साधं बोलणं आहे, हे कळायला मला आठ दिवस लागले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई आणि मामा म्हणजे सासरे. आमच्याकडे सुना असंच म्हणतात. मामांनी कापडगिरणीत मागांच्या खात्यात पस्तीस वर्षं काढली होती. शंभर-दीडशे माग एकदम चालू असले की काय आवाज होतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. त्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. ते रिटायर होऊन घरी बसले तेव्हा कान गिरणीतच राहिले, असं ते स्वतःच सांगायचे. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला ओरडायची सवय. माझे हे सरकारी कचेरीत कारकून होते, पण जेवताना मीठ मागायचे ते एसटी स्टँडवर गाडी सुटल्याची वर्दी दिल्यासारखं.

मी बार्शीची, शाळेत मास्तरीण. माझाही आवाज काही कोकिळेचा नाही. पन्नास पोरांना गप्प बसवायचं तर आवाज लागतोच. पण शाळा सुटली की मला हळू बोलायला आवडतं, आणि त्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा. मी आणि आत्या आतल्या खोलीत झोपायचो, मामा आणि हे ओट्यावर. लग्नाला आठ महिने झाले तरी हीच मांडणी. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे त्यांना पाण्याचा तांब्या देताना जे काय होईल ते.

एकदा तांब्या देता देता मी कुजबुजले, "शनिवारी सिनेमाला जाऊ या का आपण?" हे म्हणाले, "काय?" मी पुन्हा कुजबुजले. तेव्हा कळलं त्यांना, आणि खूश होऊन त्यांनी विचारलं, "कुठल्या सिनेमाला?" ते गल्लीच्या टोकाला कळलं. शनिवारी आम्ही सिनेमाला गेलो ते सातजण. माझ्या शेजारच्या खुर्चीवर समोरची बाई बसली होती आणि यांच्या मांडीवर तिचा मुलगा.

म्हणून सांगते, मला त्या दिवसांत दागिना नको होता, साडी नको होती. मला माझ्या नवऱ्याशी हळू आवाजात बोलायचं होतं. एवढंच. कुणाला हसायचं तर हसा.

मग माडी बांधायचं निघालं. विषय मामांनीच काढला. पोरगं-सून दोन दिशांना झोपतात हे कान गेलेल्या माणसालाही दिसत होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालेलं. सिमेंटला परमिट लागायचं आणि परमिटला ओळख लागायची. आमच्या ओळखीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे मामांचा मित्र, गिरणीच्या गेटवरचा वॉचमन. त्यामुळे स्लॅबचा विषय तिथंच संपला. गवंडी म्हणाला, भिंतीवर लाकडी तुळया टाका, वर फळ्या मारा, डोक्यावर पत्रा घाला, झाली माडी.

आत्यांना फळ्या मुळीच मान्य नव्हत्या. "सगळं सोलापूर शहाबादी फरशीवर झोपतंय, आन आपुन काय फळकुटावर झोपायचं? फळीत ढेकणं हुत्यात. सांडलं-लवंडलं तर पुसायचं कसं?" त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या उन्हाळ्यात दुपारी फरशीवर पाणी मारून आडवं झाल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. पण गवंड्यानं भिंतीवर दोनदा थाप मारली आणि सांगितलं की या मातीच्या भिंतीवर फरशीचं वजन घातलं तर फरशी वर राहणार नाही, तुमच्या पानात येईल. आत्या गप्प झाल्या. म्हणजे त्यांच्या मानानं गप्प.

आता फळ्या कसल्या, हा प्रश्न राहिला. यांच्या कचेरीतल्या एकानं नुकतीच माडी बांधली होती, देवदाराच्या पातळ फळ्यांची. मशिनरीची खोकी येतात ना, तसल्या. स्वस्त आणि आठवड्यात काम. यांना ते फार पटलं होतं. एका रविवारी आम्ही सगळे ती माडी बघायला गेलो. मी खालच्या खोलीत चहा पीत बसले होते. वर त्यांचा मुलगा पेन्सिल शोधत होता. तो कुठल्या कोपऱ्यात शोधतोय ते मला खाली बसून कळत होतं. पाऊल टाकलं की कुर्र, उचललं की कर्र. मध्येच फटीतून माती पडली ती थेट माझ्या बशीत. त्या घरच्या वहिनी हसून म्हणाल्या, "वर मुंगी जरी चालली तरी मला खाली कळतं हो."

म्हणजे मी जिना चढून वर जायचं आणि वरून गल्लीला कार्यक्रम ऐकवायचा. त्यापेक्षा तांब्या बरा.

पण हे सांगायचं कुणाला आणि कसं? आठ महिन्यांच्या सुनेनं सासऱ्याला काय म्हणायचं, मामा, फळ्या जाड घ्या, खाली आवाज जायला नको? चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना, तसं मला झालं होतं. 'जाड' हा शब्द जरी तोंडातून निघाला तरी सगळ्यांना सगळं कळेल असं वाटायचं. यांना सांगावं, तर हे "काय?" म्हणून विचारणार. मूळ दुखणं तेच होतं आणि औषधही तिथंच अडकलं होतं.

वखारीत जायचं ठरलं त्या दिवशी यांना रजा मिळाली नाही. मामांबरोबर कुणीतरी जाणं भाग होतं, कारण वखारवाला काय म्हणतो ते मामांना ओरडून सांगायला माणूस पाहिजे. आत्या म्हणाल्या, "सूनबाईला न्या. मास्तरीण हाय. तिच्या आवाजाचा काय तर उपेग हुंदे." जाताना यांनी मला दोनदा बजावलं, देवदारच घ्यायचा, दुसरं काही नाही. मी मान डोलावली आणि पदर डोक्यावर घेऊन मामांच्या मागून चार पावलं अंतर ठेवून निघाले. वाटेत मला रडूच यायचं बाकी होतं.

वखारीत शिरलो आणि ओल्या लाकडाचा वास नाकात भरला, भिजवलेल्या डाळीसारखा गार. शेठ कच्छी होता, गोड बोलणारा. त्यानं आधी रंधा मारून, पॉलिश करून ठेवलेल्या चकचकीत फळ्या दाखवल्या. मी ओरडून मामांना सांगितलं, "ह्या तयार आहेत म्हणतात, लगेच बसवता येतील."

मामांनी हात हलवला. "ह्या नगं. रंधा न मारलेल्या दावा. करवतीखालनं जशा निघाल्या तशा. पॉलिश केलेली फळी म्हंजे पावडर लावून आणलेली पोरगी. तोंड धुतल्यावर खरं काय ते कळतंय."

मला राग आला. मला बघायला हे लोक बार्शीला आले होते तेव्हा मीही पावडर लावूनच बसले होते, आणि चांगली दोन बोटं लावली होती. शेठनं आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथं कच्च्या फळ्यांचे ढीग होते, अंगावर भुसा, कडेला कुठं सालही तसंच. साग, देवदार, ऐन, सगळं वेगवेगळं रचलेलं. हात फिरवला की कुसळं टोचायची.

मामांची बघायची पद्धत मला तिथं पहिल्यांदा दिसली. त्यांनी जमिनीवर दोन ओंडके ठेवायला लावले, त्यावर फळी आडवी टाकायला लावली, चपला काढल्या आणि अनवाणी तिच्यावरून चालत गेले. परत फिरून आले. मग मधोमध उभं राहून टाचेवर हलले. शेठ माझ्याकडे बघून म्हणाला, "बेन, काका लाकूड बघत नाही, चालून बघतो?" मी ते ओरडून मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "गिरणीत कुठला माग चुकतोय ते मला पायाला कळायचं. खात्याच्या जमिनीवर उभा ऱ्हायलो की तळव्याला समजायचं, सातवा माग वाकडा चाललाय. कान काय, लबाड असतोय. पाय खरं सांगतोय."

शेठला मात्र घाई होती. यांनी आधीच निरोप धाडला असावा, कारण तो सारखा देवदाराच्या ढिगाकडे बोट करत होता. त्यातलीच एक पातळ फळी त्यानं ओंडक्यांवर टाकली. मामा तिच्यावर चढले. ती वाकली, आणि तिचं कुरकुरणं मला पाच हातांवरून ऐकू आलं. मामांना अर्थातच नाही. एवढ्यात आत आरागिरणीची मोठी करवत सुरू झाली. कुणी तरी मोठ्या ओंडक्याला तोंड लावलं असणार. असा काही आवाज, की शेठ तोंड उघडतोय आणि मिटतोय एवढंच दिसत होतं.

मला काय झालं कोण जाणे. आता कुणालाच काही ऐकू येत नाही म्हटल्यावर आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. त्या फळीकडे बघत, अगदी साध्या आवाजात मी म्हणून टाकलं, "घ्या, हीच घ्या. म्हणजे माडी बांधूनही मी ह्यांच्याशी एक शब्द बोलायला नको. वर कूस बदलली तर खालून आत्या विचारतील, झोप येत न्हाय का गं. त्यापेक्षा बांधूच नका ती माडी." आणखीही काही बोलले, ते इथं लिहीत नाही. बोलून झाल्यावर जीव कसा हलका झाला. मनातलं मोकळेपणानं बोलायला जागा मिळाली तीही आरागिरणीत.

वर बघितलं तर मामा फळीवर उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पदर ओढून घेतला. ते खाली उतरले, ती देवदाराची फळी त्यांनी पायानं बाजूला सारली आणि शेठला हातानंच खूण केली, ही नाही. मग ढिगाढिगातून फिरत ऐनाच्या फळ्यांपाशी गेले. काळपट, दीड इंच जाडीच्या, एक उचलायला दोन हमाल. ओंडक्यांवर टाकल्यावर मामा तिच्यावरून चालले, उभे राहिले, आणि त्या वयात चक्क उडी मारली. करवत थांबली होती, त्यामुळे मला ऐकू आलं असतं. काही आलंच नाही.

"ही बोलत न्हाय," मामा म्हणाले. "हीच पाहिजे."

मी ओरडून सांगितलं की देवदार घ्यायला सांगितलंय. मामांना ते ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदाही आलं नाही. तिसऱ्यांदा मीच ओरडले नाही.

परत येताना मामांनी टांगा केला. मी मागं बसायला निघाले तर म्हणाले, "हितं बस, समोर." मी अंग चोरून समोर बसले. थोडं पुढं गेल्यावर ते बोलायला लागले.

"गिरणीत कसं असतंय ठावं हाय का? माग चालू झाले की कानाचा काय उपेग न्हाय. सगळं ओठावर. ह्या टोकाचा माणूस त्या टोकाच्याला शिवी द्यायचा, ती बरोबर जाऊन पोचायची. तेलुगू असूंदे, कानडी असूंदे, ओठ बघून आमाला सगळं कळायचं."

मी "हं" म्हणून मान हलवली. टांगा पुढच्या चौकापर्यंत गेला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. टांग्यातून उडी मारावी की काय, असंही वाटलं.

"मामा," मी कसंबसं म्हटलं, "मगाशी वखारीत..."

"मगाशी करवत चालू हुती," मामा म्हणाले. "मला काय ऐकू आलं न्हाय बघ." आणि बाहेर बघून हसायला लागले. टांगा हिसके देत होता, त्यामुळे ते हसणं तुटक तुटक येत होतं. टांगेवाल्यानंही मागं वळून बघितलं.

माझी लाज ओसरायला बराच वेळ लागला. मग लाजेच्या जागी मला संताप आला. मी म्हटलं, आता आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, "मग घरात आम्ही सगळे का ओरडतो?"

मामा म्हणाले, "समोर कोण येतंय?"

खरंच होतं. आत्या त्या घरात आल्या तेव्हा त्यांचे सासू-सासरे ओट्यावर बसलेले असायचे. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्यासमोर जाऊन बोलायचं नाही, अशी रीत. जे सांगायचं ते दाराआडून, पदर पुढं ओढून. सासू-सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आत्या दाराआडच राहिल्या. मामांचे कान गेले तसा त्यांनी आवाज चढवला, समोर मात्र त्या आल्या नाहीत. मुलानं आईचं बघितलं, मी आत्यांचं बघितलं. मामांना ओठ दिसायला पाहिजे होते आणि आम्ही सगळे त्यांच्या पाठीला ओरडत होतो. आणि मामांनी तरी एकदा सांगावं की नाही? विचारलं तर म्हणाले, "सांगून कोण समोर येतंय हुय?" मास्तरीण असून मलाही आठ महिन्यांत हे सुचलं नाही, याची मला जास्त चीड आली.

घरी ऐनाच्या फळ्यांवरून व्हायचा तो तमाशा झाला. हे म्हणाले, देवदार सांगितला होता. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, फळकुटं ती फळकुटं, त्यात आणि एवढी महागाची कशाला? मामांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. "माज्या पायाला पसंत पडली," एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून मामांसाठी जीव टाकायला मी तयार झाले.

पण सुताराचं म्हणणं निराळंच निघालं. तो फळीच्या कडेवर नख रुतवून म्हणाला, "लाकूड ओलं हाय. आत्ता बसवलं तर उन्हाळ्यात आकसंल, फटी पडतील. उन्हाळाभर वाळू द्या, मग बसवू." हे म्हणाले, पडल्या फटी तर पडू देत, चार महिने कोण थांबणार. त्यांनाही माडीची घाई होतीच, तेवढं मला कळत होतं, आणि ते कळून बरं वाटलं हेही सांगते. मामांनी अंगणाच्या त्या टोकाहून माझ्याकडे बघितलं. निवाडा मी करायचा होता.

चार महिने म्हणजे काय, ते माझं मला माहीत होतं. पण एकदा फटी पडल्या की त्या जन्माच्या. मी आवाज न करता ओठांनी म्हटलं, "थांबू या."

"थांबू या," मामा मोठ्यानं म्हणाले.

मग उन्हाळाभर त्या फळ्या अंगणात राहिल्या. सुतारानं एकीवर एक रचताना मधे बारक्या पट्ट्या घातल्या, वारा खेळायला. आत्यांनी दोन दिवस नाक मुरडलं आणि तिसऱ्या दिवशी वरच्या फळीवर धोतर पसरून त्यावर कुरडया घातल्या. फळकुटांचा काही तरी उपेग, म्हणाल्या.

आणि मी मामांशी बोलायला लागले. समोर जाऊन, पदर सारखा करून, अगदी हळू. शाळेतल्या गमती सांगायचे. मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवायचे. मामा हसून हसून बेजार व्हायचे. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसायचं? सून गप्प, सासरा गप्प, आणि दोघंही हसतायत. आत्यांना ते खपेना. "तुमचं दोगांचं काय गुळपीठ चाललंय?" त्यांनी एक दिवस मला धरलंच.

मी खरं ते सांगितलं. "आत्या, समोर बसून बोललं की मामांना सगळं कळतं. हळू बोललं तरी."

"मला सांगतीस?" आत्या म्हणाल्या. "काल आलीस तू. मी तीस वर्सं संसार केलाय ह्या माणसाबरोबर." आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. पण दिवेलागणीला भाकरी थापता थापता, तव्याकडे बघत त्यांनी विचारलं, "खरंच कळतंय?"

"खरंच."

त्यांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "वरडून सगळं सांगता येत न्हाय गं. मीठ संपलंय, पाव्हणं आल्यात, हे वरडून सांगता येतंय. बाकीचं ऱ्हाऊनच जातंय." भाकरी करपली ती त्यांच्या ध्यानातच आली नाही. मला एकदम गलबलून आलं. इतके दिवस मी माझंच रडगाणं घेऊन बसले होते.

"मग समोर जाऊन बसा की," मी म्हटलं.

"कुटं बसू? ओट्यावर? गल्ली बघतीया. हितं आतल्या अंधारात तर हातभर अंतरावरचं तोंड दिसत न्हाय." आणि मग, पहिल्यांदाच, "माडी कवा व्हायची?"

जूनच्या तोंडावर सुतार आला. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ, अशी एकीत एक ठोकून बसवत गेला. एक नख जाईल अशी फट राहिली नाही. रंधा त्यानं फक्त कुसळं जाण्यापुरता मारला. पॉलिशला मामांनी साफ नकार दिला. "पायानं हुतंय पॉलिश," म्हणाले. आम्ही नुसतं जवसाचं तेल चोळलं. तेल चोळायला सगळ्यात पुढं आत्या होत्या, ज्यांना फळकुटं नको होती. पत्रा चढला, पूर्वेला खिडकी बसली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशीपासून माडी आमची, असं ठरलं. मी दिवसभर गाणं गुणगुणत होते, आणि मला गाणं येत नाही.

त्याच दुपारी मामा वर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसले होते. आत्यांनी त्यांच्यासाठी चहा केला आणि जिना चढायला लागल्या. सुपारी द्यायची राहिली म्हणून मी मागोमाग गेले. आत्या दारात पोचल्या, खोलीत दोन पावलं टाकली आणि सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं. हाक मारायच्या आत मामा वळले.

"आलीस? ये," ते म्हणाले. "फळी हलली की कळतंय मला."

आत्या तशाच उभ्या राहिल्या. चहाचा कप हातात, तोंड अर्धं उघडं. खाली फरशीवर त्या आयुष्यभर त्यांच्या पाठीमागून गेल्या-आल्या होत्या, आणि हाक मारल्याशिवाय त्या आल्याचं मामांना कधी कळलं नव्हतं. मी त्यांच्या हातातून कप घेऊन मामांपुढं ठेवला आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "आत्या, समोर बसा." त्या नव्या नवरीसारख्या बसल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू जा आता."

मी खाली आले. खोटं कशाला बोलू, बरोबर त्यांच्या खाली येईल अशा जागी जाऊन बसले आणि मान वर करून कान लावला. ऐकायचंच होतं मला. अर्धा तास झाला, तासावर गेला. पावलाचा आवाज नाही, बोलण्याचा नाही, कपबशीचाही नाही. फळ्या फारच चांगल्या निघाल्या होत्या.

हे कचेरीतून आले आणि दारातूनच ओरडले, "आई कुठंय?" मी तोंडावर बोट ठेवलं. हे गोंधळले. जवळ आले, वाकले, आणि हळूच विचारलं, "काय झालं?"

दोनच शब्द. पण तेव्हा मला कळलं की माझ्या नवऱ्याचा आवाज मऊ आहे, थोडा घोगरा, आणि शब्द संपताना खाली उतरतो. वर्षभर मी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज ऐकत होते. मी त्यांना बसवलं आणि वखारीपासून सगळं सांगितलं. करवत चालू असताना काय बोलले तेही सांगितलं. ते लाजले, मग हसले, मग त्यांनीही बरंच काही सांगितलं. चूल पेटवायची राहिली, दूध घ्यायचं राहिलं. गवळी दारात दोनदा हाक मारून गेला म्हणे, आम्हाला ऐकूच आलं नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा आत्या खाली आल्या. डोळे पुसलेले होते, पण चेहरा असा की मी तो तोवर बघितलाच नव्हता. त्यांनी एकदा यांच्याकडे बघितलं, मग मला बाजूला घेतलं.

"आजच्या दिवस माडी आमालाच असूंदे," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. "अजून लई सांगायचं ऱ्हायलंय."

माझ्या माहेरून नवी गादी आली होती, अजून कुणी तिच्यावर झोपलं नव्हतं. ती मी वर नेली आणि त्या दोघांना घालून दिली.